उभी गाडी आणि किलोमीटरचा भाव

कंपनीच्या गाड्यांचा हिशेब नव्याने हातात आला की पहिल्याच आठवड्यात विचारणा होते, "आपली गाडी किलोमीटरला कितीला पडते?" मालक विचारतो, सीए विचारतो, आणि पटकन आकडा सांगितला की सगळ्यांचं समाधान होतं. सांगू नका. निदान एकच आकडा सांगू नका.

डिझेल, टोल, पगार, भत्ता, विमा, पासिंग (म्हणजे गाडीची फिटनेस तपासणी), टायर ही यादी तुम्हाला पाठ असेलच. भोसरीतून माल भरून चाकण, नारायणगाव, संगमनेर करत नाशिकला जाणारी एक पिकअप घेऊ. समजा महिन्याचा हप्ता १७,००० रुपये, ड्रायव्हरचा पगार २०,०००, आणि विमा, टॅक्स, पासिंग, पार्किंग मिळून ५,०००. झाले ४२,०००. गाडी गेटाबाहेर पडली नाही तरी हे जाणारच. आता चालण्याचा खर्च: डिझेल ९० रुपये आणि अ‍ॅव्हरेज १२ धरलं तर साडेसात रुपये, त्यात टायर, ऑइल, ब्रेक, क्लच यांचे अडीच. म्हणजे किलोमीटरला १० रुपये. टोल यात घेतलेला नाही, तो त्या त्या फेरीच्या नावावर टाका.

गाडी महिन्यात ३,००० किलोमीटर पळाली तर भाव पडतो २४ रुपये: ४२,००० वाटले गेले की किलोमीटरला १४, आणि चालण्याचे १०. २,००० पळाली तर ३१. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, पंपही तोच.

खड्डा इथे आहे, आणि यावर मी जरा जास्तच बोलणार आहे. मंदीचा महिना येतो, रनिंग २,००० वर उतरतं. बाहेरचा टेम्पोवाला २६ रुपयांनी जायला तयार असतो. महिन्याच्या खर्चाचा तक्ता म्हणतो, आपली ३१ ला, त्याची २६ ला, मग ५०० किलोमीटरचं काम त्याला द्या, अडीच हजार वाचले. वाचले कुठे? त्याला १३,००० द्यावे लागले. आपली गाडी ५०० किलोमीटर कमी चालली म्हणून वाचले फक्त चालण्याचे ५,०००, कारण हप्ता आणि पगार गेलेच. खिशातून ८,००० जास्त गेले. वर आपलं रनिंग १,५०० वर आलं, म्हणून पुढच्या तक्त्यात आपला भाव ३८ दिसतो. मग आणखी काम बाहेर जातं. मी जिथे हे काम शिकलो तिथे असंच चाललं होतं. गाड्या शेडमध्ये, ड्रायव्हर चहाच्या टपरीवर आणि दारात भाड्याचे टेम्पो. तक्ते मात्र अगदी देखणे होते.

म्हणून प्रश्न वेगळे ठेवा. गाडी दारात उभी असताना उद्याची फेरी कोणी करायची, या प्रश्नात २६ ची तुलना १० शी करायची. ही गाडी पुढच्या वर्षी ठेवायची की विकायची, हा प्रश्न असेल तेव्हाच ती ३१ शी करायची, कारण विकली तर हप्ता आणि पगारही सुटतात. वाचताना सोपं वाटतं. महिनाअखेरीला बिलांचा गठ्ठा समोर असताना सुचत नाही, हेही मला माहीत आहे. घाबरू नका, दोन-तीन महिन्यांत हात बसतो.

बाहेरचा भाव घेताना तो एकेरी आहे की जाऊन-येऊन, हे आधी विचारा. आपली गाडी नाशिकहून रिकामी परतते तेव्हाही डिझेल पितेच.

हप्ते फिटले की गाडी फुकट, असं म्हणणारा प्रत्येक ऑफिसात एक असतो. साधारण त्याच सुमारास दुरुस्तीची मोठी कामं निघू लागतात. शिवाय गाडी आठ वर्षांची झाली की पासिंग दोन वर्षांऐवजी दरवर्षी करावं लागतं. मी हप्ता संपल्यावरही तेवढी रक्कम बाजूला टाकायला लावतो. मालकांना ते आवडत नाही.

जीएसटीचं थोडक्यात सांगतो. मालवाहू गाडीवर भरलेल्या कराचं क्रेडिट सहसा मिळतं, मालकाच्या कारवर नाही, आणि डिझेल तर जीएसटीतच नाही. बाकी सीएला विचारा.

जीपीएस विकायला येणारा पोरगा पहिल्याच भेटीत डिझेलचोरीवर येतो. त्याच्या अ‍ॅपवरून ड्रायव्हरला चोर ठरवू नका. अ‍ॅव्हरेज पडलं तर आधी टाकी फुल ते टाकी फुल मोजा, भरलेली आणि रिकामी फेरी वेगळी लिहा, आणि गाडी चाकण चौकात किती वेळ चालू इंजिनवर अडकली ते बघा. माझं मत विचाराल तर कुठल्याही रेडीमेड एक्सेल शीटपेक्षा तुमच्या गाड्या उघडणारा जुना मिस्त्री जास्त शिकवतो. पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, का बसतात ते तोच सांगेल. बहुतेक वेळा जास्त माल भरल्यामुळे. एक फेरी वाचवायला टनभर जादा भरला आणि पकडला, तर दंडच २०,००० पासून सुरू होतो आणि जादा टनामागे २,००० वेगळे.

सुरुवातीला एवढंच करा: प्रत्येक गाडीत एक वही ठेवा. तारीख, सुटतानाचं आणि परततानाचं मीटर, भरली की रिकामी, डिझेल किती लिटर. उभ्या दिवसाचीही ओळ भरायची, आणि पुढे कारण: माल नव्हता, ड्रायव्हर नव्हता, की गॅरेजमध्ये होती.