कॅलेंडरमागची किलवर तिर्री

आमच्याकडे गणपतीत जागरणाला पत्ते बसतात. झब्बू, पाच-तीन-दोन, बदाम सात, आणि दीड-दोन वाजता पोरं पेंगायला लागली की 'मामी, जादू!' मी पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. हात चलाख नाहीत, आकडे बरे येतात. म्हणून जादूही आकड्यांचीच बसवली. तुम्हाला करायची असेल तर अशी करा.

बघणाऱ्यांना दिसतं ते एवढंच: कोणीतरी कॅट पिसतो, कोणीतरी तारीख सांगतो, त्या तारखेवरून एक पत्ता निघतो, आणि भिंतीवर सकाळपासून लटकलेल्या कालनिर्णयाचं चालू महिन्याचं पान उचललं की मागे त्याच पत्त्याचं नाव लिहिलेलं असतं.

यातलं गणित माझं नाही, ते फार जुनं आहे. १० ते १९ मधला कुठलाही आकडा घ्या आणि त्यातून त्याच्याच दोन अंकांची बेरीज वजा करा. १४ मधून ५ गेले, ९. १७ मधून ८ गेले, ९. नेहमी ९. म्हणजे वरची नऊ पानं सोडून दहावा पत्ता ठरलेला असेल तर समोरच्याने कुठलीही तारीख सांगो, आपण त्याच पत्त्यावर येतो. कॅलेंडर आणि जोकरचा भाग तेवढा मी जोडलेला.

आधी पत्ता ठरवा. बदाम सत्ती नको. आपल्याकडे तो पत्ता शेंबड्या पोराच्याही डोक्यात असतो, मग 'मामीने अंदाजाने लिहिलं' म्हणतात. मी किलवर तिर्री घेते, कारण तिची आठवण कोणालाच येत नाही. दुपारी सगळे आडवे झाले की कॅलेंडरच्या पानामागे, लेखाच्या कडेच्या कोऱ्या जागेत, साध्या बॉलपेनने नाव लिहा. पहिल्या वर्षी मी लाल स्केचपेन वापरलं. ते पुढच्या बाजूला फुटलं आणि दुधाच्या खाड्यांच्या खुणांमध्ये एक तांबडा डाग उमटला. सासूबाईंनी तो खाडा समजून दूधवाल्याचे पैसे कापले.

आता खेळ. जोकरसकट कॅट भाच्याकडे द्या, हवा तेवढा पिसू दे. परत घेऊन पानं स्वतःकडे पसरा आणि बोलायला लागा: 'कॅट म्हणजे वर्षच. बावन्न पानं, बावन्न आठवडे. चित्रं बारा, महिने बारा. एक्क्यापासून राजापर्यंत सगळे आकडे मिळवले तर ३६४. एक दिवस कमी पडतो, तो हा.' म्हणत जोकर बाहेर टाका. (राजा १३, राणी १२, गुलाम ११ धरायचे. चार रंग म्हणजे चार ऋतू असंही सांगतात. आपले ऋतू सहा, मी ते वाक्य गाळते.)

जोकर टाकल्यावर पानं मिटू नका. दुसरा जोकर आहे का बघते म्हणत किलवर तिर्री शोधा, तिच्या पलीकडे, म्हणजे कॅटच्या वरच्या टोकाकडे, नऊ पानं मोजा आणि तिथे काटून पुढची पानं तळाला घाला. तिर्री वरून दहावी झाली. दुसरा जोकर खरंच निघाला तर तो आधी काढा, मोजणीत धरलात तर घोळ. आणि पलीकडे नऊ पानंच नसतील तर 'नीट पिसलं नाहीस' म्हणून कॅट भाच्याच्या हातात परत द्या.

मग तारीख विचारा. 'दहा ते एकोणीसमधली सांगा, महिन्याचा मधला काळ, पगारही नाही आणि बिलंही नाहीत.' लोक हसतात, 'दहा ते एकोणीसच का' हे विचारायचं राहतं. सांगणाऱ्यानेच तेवढी पानं पालथी, एकेक, एकावर एक टाकायची. उरलेला कॅट बाजूला. तीच थप्पी उचलून तारखेच्या दोन अंकांच्या बेरजेइतकी पानं पुन्हा टाकायची. शेवटचं टाकलेलं पान उलटलं की तिर्री. तुम्ही पत्त्यांना हात लावू नका, पाय मोडून लांब बसा.

'बेरीज' हाच शब्द वापरा. मी एकदा ऐटीत 'तारखेचा मूलांक काढा' म्हटलं. मोठ्या वन्संना अंकशास्त्राचा नाद. त्यांनी तारीख सांगितली १९. 'नऊ नि एक दहा, दहाचा एक,' म्हणाल्या आणि एकच पान टाकलं. निघाली इस्पिक राणी. बेरीज १० असताना त्यांनी ती १ वर आणली, आणि शास्त्राप्रमाणे चूक माझीच होती. कॅलेंडरचं पान उचलून तिर्री दाखवण्यात अर्थ नव्हता, मी चहा ठेवायला उठले. आता १९ आली की लगेच मीच म्हणते, 'एक आणि नऊ, दहा पानं टाका.'

पत्ता निघाल्यावर कॅलेंडरकडे स्वतः जाऊ नका. ज्याने तारीख सांगितली त्यालाच पान उचलायला लावा, आणि तो वाचत असताना गप्प बसा. मला हे अजून जमत नाही, मी आधीच हसते. त्याच माणसांना त्या रात्री पुन्हा करून दाखवू नका. दुसऱ्या तारखेलाही तिर्रीच येणार.

दुसऱ्याला शिकवायचं असेल तर लिहून द्या, आणि तो कागद वाचून करताना बघा, मध्ये बोलू नका. मी पुतणीला होस्टेलवर नेण्यासाठी लिहून दिलं होतं: 'तारखेइतके पत्ते मोजून घ्या.' ती नोटा मोजल्यासारखी एका हातातून दुसऱ्या हातात, एकाखाली एक सरकवत गेली. क्रम उलटलाच नाही, पत्ता भलताच आला, आणि ती माझ्याकडे बघत राहिली. वाक्य खोडून 'एकावर एक टाका' लिहिलं. होस्टेलच्या खोलीत कॅलेंडर नव्हतं, तर तिने पत्त्याचं नाव मेसच्या महिन्याच्या कार्डामागे लिहिलं.