क्लब चालवणाऱ्या पोरांना पैसे द्यायचे तं तास कसे मोजायचे

कॉलेजचा क्लब चालवणाऱ्या पोरांना सर्टिफिकेट दिलं म्हणजे झालं, हा सल्ला पहिले डोक्यातून काढून टाका. आमच्याकडची पोरं-पोरी दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचायला जातात, किलोवर पैसे भेटतात, आणि नेमकं त्याच दिवसांत आपण त्यांना सायन्स क्लबचं प्रदर्शन लावायला थांबवतो. म्हणजे रोजी बुडालीच नं त्यांची. ती भरून द्यायला पायजे, याच्यावर माझं मत पक्कं आहे.

पैशाची सोय जूनमधेच करा. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, महाविद्यालय विकास समितीत रकमेसकट ठराव घ्या, आणि विद्यापीठाच्या कमवा आणि शिका योजनेत हे काम बसते का तेही विचारून घ्या. यात नवीन काही नाही, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली तिथं पोरं काम करूनच शिकली.

दर: गावात रोजी काय चालू आहे ते पाहा, आठनं भागा, त्याच्या खाली उतरू नका.

आता तास. सगळं इथंच बिघडते.

पहिल्या वर्षी मी मार्चमधे क्लबच्या अध्यक्षाला बसवलं आणि त्याला विचारून सगळ्यांचे तास लिहिले. तो पोरगा चांगला होता पण कार्यक्रमात माइक त्याच्या हातात, त्याला स्टेजवरून जेवढं दिसलं तेवढंच त्यानं सांगितलं. बीए सेकंड इयरच्या एका पोरीच्या नावापुढं सहा तास पडले. नंतर तिची वही माझ्या हाती आली, त्यात ४३ जणांचे नंबर, कोणाला कधी फोन केला, कोण येतो म्हणाला, कोणाचा बाप नाही म्हणाला, पोहे किती किलो लागले, मंडपवाल्याचे किती द्यायचे राहिले, सगळं बारीक अक्षरात. हे काय सहा तासांचं काम आहे? मला ते फार लागलं, आणि तोवर ठरावातली रक्कम वाटून झाली होती, तिचे पैसे द्यायला पुढचं वर्ष उजाडलं.

म्हणून वही अध्यक्षाकडं ठेवूच नका. लायब्ररीच्या काउंटरवर ठेवा, ज्यानं काम केलं त्यानं त्याच दिवशी स्वतःच्या हातानं लिहायचं: काय केलं, किती वाजेपासून किती वाजेपर्यंत, सोबत कोण होतं. आठवून-आठवून लिहिलेले तास नेहमी कमीच भरतात, आणि जे पोरगं लाजरं आहे त्याचे सगळ्यात कमी. फोन करणं, हिशेब जुळवणं, तालुक्याहून बॅनर आणणं, दुसऱ्या दिवशी हॉल झाडणं हे सगळं काम आहे. रांगोळी आणि पाहुण्यांचा चहा पोरींनी केला तं तिथं "मदत" असं लिहू देऊ नका, तास लिहा. कार्यक्रमापायी पाचची एसटी गेली आणि पोरगी सातच्या गाडीसाठी स्टँडवर बसली, तं ते दोन तासही धरायचे, कारण ती आपल्याच कामासाठी थांबली होती. तिकिटाचे पैसे वेगळे.

शनिवारी सगळ्यांसमोर वही मोठ्यानं वाचा, पंधरा मिनिटं लागतात. कोणाचं राहिलं असलं तं तिथंच निघते, आणि खोटे तास लिहायची हिंमतही होत नाही कारण सोबत कोण होतं ते समोरच बसलं असते. एनएसएसचे वर्षाचे १२० तास मात्र यात मिसळू नका, ती सेवा आहे, एकच तास दोन्हीकडं आला की ऑडिटमधे सगळं अडकते.

पैसे दर महिन्याला द्या, वर्षाअखेरी नाही, बसभाडं आणि झेरॉक्स काही मार्चपर्यंत थांबत नाही. खातं पोराच्या किंवा पोरीच्या स्वतःच्याच नावाचं पायजे, बापाचं-भावाचं चालवून घेऊ नका. स्कॉलरशिपचं खातं बहुतेकांकडं असतेच, पण ते चालू आहे का ते पाहायला आधी पासबुक भरून आणायला सांगा. आणि व्हाउचरवर सही पैसे खात्यात दिसल्यावरच घ्या.