घरच्या वर्कशॉपसाठी एअर कॉम्प्रेसर कसा निवडावा

दुकानात पाऊल टाकलं की ‘किती एचपीचा देऊ?’ असं विचारतात. कॉम्प्रेसर एचपीवरून नाही, टूलवरून निवडायचा.

म्हणून आधी घरीच यादी करा. टूलला लागणारी हवा सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट, अशी मोजतात (१ सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे २८ लिटर). एअरब्रशचं १ सीएफएमच्या आत भागतं, बारीक खिळे ठोकणारा ब्रॅड नेलरही फार हवा खात नाही. पॉलिशची मोठी स्प्रे गन किंवा लाकूड घासायचा सँडर मात्र ८-१० सीएफएम सहज ओढतात. यादीतलं सगळ्यात खादाड टूल धरा आणि त्याच्या आकड्यात तिसरा हिस्सा वाढवा. कॅटलॉगमध्ये हा आकडा ‘एफएडी’समोर (फ्री एअर डिलिव्हरी, म्हणजे प्रत्यक्ष मिळणारी हवा) शोधा. ‘डिस्प्लेसमेंट’ हा नुसता पिस्टनच्या मापाचा हिशोब. नळीतून तेवढी हवा कधीच येत नाही.

मोठी टाकी घेतली की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. २४ लिटरची टाकी ८ बारवरून (बार हे हवेच्या दाबाचं माप) ६ वर उतरताना जेमतेम ४८ लिटर हवा देते. ४ सीएफएमचं टूल ती २५ सेकंदांत संपवतं. पुढची सगळी मदार पंपावर.

मग विजेचं बघा. १ एचपी म्हणजे साधारण ७५० वॅट, पण सुरू होताना मोटर कितीतरी पट करंट खेचते. १६ अँपिअरचा पॉइंट हवाच. लांब जायचं असेल तर वायर नको, हवेची नळी वाढवा.

निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० नंतर ४५. फ्लॅटमध्ये काम करणार असाल तर चार पैसे जास्त गेले तरी ‘सायलेंट’ प्रकारच घ्या आणि खाली जाड रबर घाला. नाहीतर हादरे स्लॅबमधून थेट खालच्या घरात पोचतात.

मुंबईत खरा त्रास दमट हवेचा. एका जुलैत मी टीपॉयला पॉलिश मारत होतो. छान चकाकी आली आणि पाहता पाहता टाचणीच्या टोकाएवढे पांढरट ठिपके उमटले. टाकीखालचा ड्रेन कॉक उघडला, तर चहाच्या रंगाचं पाणी भळभळ वाहिलं. सगळा पृष्ठभाग पुन्हा घासावा लागला. त्यामुळे हवेतलं पाणी अडवणारा मॉइश्चर सेपरेटर त्याच बिलात घ्या. ड्रेन कॉक हाताला सहज लागतो ना, तेही वाकून पाहा. अडचणीत असला की रोज उघडणं होत नाही.

मुंबईच्या टूल्स बाजारात, नागदेवी स्ट्रीटवर घ्या किंवा आणखी कुठे, मशीन चालवून दाखवायला सांगा. रिकामी टाकी भरायला किती वेळ लागतो, ते मोबाइलवर मोजा. २४ लिटरची टाकी ८ बारला भरायला १९२ लिटर हवा लागते. २ मिनिटं लागली तर सरासरी ९६ लिटर, म्हणजे सुमारे साडेतीन सीएफएम. हा आकडा छापील आकड्याशी ताडून बघा. मोटर बंद झाल्यावर पाच मिनिटं थांबा. काटा खाली सरकतच राहिला तर कुठेतरी गळती आहे.

जुना कॉम्प्रेसर स्वस्तात मिळाला तरी गंजलेली टाकी घेऊ नका. गंज आतून पत्रा खातो आणि टाकी फुटली तर जीवावर बेतू शकतं.