सड्यावर शेळ्या चारताना

घाटावरच्या मेंढ्यांचे कळप पावसाळा सरल्यावर कोकणात उतरतात आणि मृगापूर्वी परत वर जातात, कारण वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पडणाऱ्या पावसात लोकर वाळतच नाही. बारमाही चरणारा कळप हवा असेल, तर शेळ्याच पाळाव्यात. त्यातही सिंधुदुर्गातील लांब पायांची कोकण कन्याळ जात चढउताराला सरावलेली असते. तिलाही ओल मात्र मानवत नाही.

म्हणून सकाळी कितीही घाई असली, तरी गवतावरचे दव उडेपर्यंत कळप गोठ्याबाहेर काढू नये. पोटातल्या जंतांची पिल्ले ओल्या पात्यावर वर चढलेली असतात आणि ऊन तापल्यावर खाली उतरतात. भातखाचरांच्या कडेची डबकी टाळावीत, कारण तेथील गोगलगायींमुळे यकृतात पर्णकृमी, म्हणजे पानासारखे चपटे जंत, होतात. दर आठवड्याला एकेका शेळीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहावी: आतला भाग लालसर गुलाबी असेल तर ठीक, पांढुरका पडला असेल किंवा जबड्याखाली मऊ सूज आली असेल तर पशुवैद्यकांना लगेच दाखवावे. जंतनाशक आणि आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची) लस पावसाळ्यापूर्वीच द्यावी. धो धो पावसात डॉक्टर वाडीपर्यंत पोहोचतीलच याचा भरवसा नसतो.

पहिल्या पावसानंतरचे कोवळे गवत उपाशीपोटी चारल्यास पोट फुगते, त्यामुळे आधी थोडा सुका पेंढा द्यावा. घाणेरी आणि कण्हेर दोन्ही विषारी आहेत, म्हणून त्यांच्या जाळीजवळून कळप पुढे हाकावा. उन्हाळ्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, गवत उरत नाही, तेव्हा फणसाचा पाला तोडून घालावा आणि पाण्याची सोय आधी पाहून ठेवावी. कातळावरच्या दगडांखाली फुरसे हा विषारी साप दबा धरून असतो. राखणाऱ्याने पायांत बूट घालावेत आणि पुढे काठी आपटत चालावे.

आंबा-काजूच्या कलमांच्या बागा ही वेगळीच डोकेदुखी आहे. कोवळा शेंडा खुडला गेला की कलमाची वाढ मागे पडते आणि शेजाऱ्याशी भांडण अटळ होते, म्हणून गडगा (दगडी कुंपण) पडलेल्या बाजूला स्वतः उभे राहावे.

बिबट्याचा वावर असल्यास दिवस मावळण्यापूर्वी कळप मोजून आत घ्यावा. गोठ्यात जमिनीपासून उंच फळ्यांचे माचाण असावे आणि दोन फळ्यांमध्ये लेंडी खाली पडेल, पण करडाचा पाय अडकणार नाही, एवढीच फट ठेवावी.