मेंढीपायी गेलेले चार महिने

प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाच्या समासात मार्गदर्शक बाईंनी लाल पेनाने एकच शब्द लिहिला होता, ‘मेंढी?’ चार महिन्यांचं काम त्या प्रश्नचिन्हापुढे आडवं झालं.

माझा विषय ल्यूथरन श्रद्धा, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट पंथाची श्रद्धा, आणि प्राचीन चिनी पुराणकथा. ल्यूथरन मताचा कणा असा की माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो विश्वासाने, स्वतःच्या कर्मांनी नव्हे. १५३० चा ऑग्सबर्ग विश्वासांगीकार हा या पंथाचा मूळ जाहीरनामा, त्याचं चौथं कलम तेच सांगतं. या नीतिमानपणासाठी चिनीत ‘यी’ हे अक्षर वापरतात. वर मेंढी, खाली ‘मी’. ख्रिस्ताला देवाचं कोकरू म्हणतात, म्हणजे माझ्यावर कोकऱ्याचं छत्र! मला वाटलं, घबाड सापडलं. पण ते खालचं ‘मी’ मुळात दातेरी शस्त्राचं चित्र. ‘मी’ या अर्थाने नुसतं उच्चारापुरतं उसनं घेतलेलं. ‘जहाज’ या अक्षरातली ‘आठ तोंडं’ म्हणजे बायबलातल्या महापुरातून वाचलेल्या नोहाच्या तारवातली आठ माणसं, हाही त्यातलाच प्रकार. तो भाग उच्चार दाखवायला आहे. ऐकायला गंमत वाटते, प्रबंधात चालत नाही.

म्हणून या विषयाकडे वळणार असाल तर साम्यं गोळा करत फिरू नका, फरकापाशी थांबा. महापुराचंच घ्या. चिनी कथेत गुनने स्वर्गातली आपोआप फुगणारी माती चोरून बांध घातले. ते फसलं आणि त्याचा जीव गेला. मुलगा यू याने बांध सोडून पाट काढले, पाणी समुद्राकडे नेलं. तीनदा स्वतःच्या दारावरून गेला, आत पाऊल टाकलं नाही. हे किती वर्षं चाललं? तत्त्वज्ञ मेन्सियस आठ म्हणतो, इतिहासकार सीमा च्यान तेरा. नोहाला देव वाचवतो. यू खोदत राहतो. कर्माने तारण नाही म्हणणाऱ्या पाद्र्याने ही गोष्ट सांगणाऱ्या गावात उभं राहून काय बोलावं? माझा खरा प्रबंध इथून सुरू झाला.

भाषांचं म्हणाल तर अभिजात चिनी आधी, जर्मन नंतर. मी उलटं केलं आणि वर्ष घालवलं. अक्षरं पारंपरिकच शिका. सोप्या लिपीत ‘यी’ तीन रेघांचं उरतं, मेंढी दिसतही नाही. आणि चिनी सृष्टिकथेतला आदिपुरुष पानगू, त्याला ‘सर्वांत जुना’ म्हणू नका, ग्रंथांत तो इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात येतो.

देवाला काय म्हणायचं, यावर चीनमध्ये मिशनरी पिढ्यान्‌पिढ्या भांडले. १९१९ चं चिनी बायबल शेवटी दोन आवृत्त्यांत निघालं, एकात ‘शांगती’, दुसऱ्यात ‘शेन’. शांगती हा प्राचीन शांग राजवटीपासूनचा वरचा स्वामी, शेन म्हणजे कुठलाही देव किंवा आत्मा. ख्रिस्तपुराणात फादर स्टीफन्सने ख्रिस्ती स्वर्गाला म्हटलेलं ‘वैकुंठ’ वाचलेल्या मराठी माणसाला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. तेवढा आपला फायदा.

जमलं तर हाँगकाँगला ताओ फोंग शानची टेकडी चढा. नॉर्वेचा ल्यूथरन मिशनरी कार्ल लुडविग रायकेल्ट याने १९३० मध्ये उभारलेलं ठिकाण. चिनी छपराचं अष्टकोनी प्रार्थनाघर आणि त्यांचं चिन्ह म्हणजे कमळातून वर आलेला क्रूस. मी तासभर त्याकडे बघत बसलो. वहीत ‘साम्य’ लिहिलं, आणि पुढे लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलं.