व्हीआरमध्ये समोरासमोर बसायचं कसं: एका प्रकाशयोजनाकाराच्या सूचना

पुण्यात असताना मी प्रायोगिक नाटकांची प्रकाशयोजना करायचे. आता टोरांटोत असते, दादा सॅन होझेला. आम्ही गप्पांना व्हीआरमध्ये, म्हणजे डोक्यावर हेडसेट चढवून दिसणाऱ्या आभासी जागेत भेटतो. नोकरीच्या कृपेने आम्हा दोघांकडे ॲपलचे व्हिजन प्रो हेडसेट आहेत आणि भाच्याकडे मेटाचा क्वेस्ट ३. त्यामुळे घरातलं ‘जरा सेट करून दे ना’ खातं माझ्याकडे आहे. बहुतेक जण सुरुवात अवताराच्या, म्हणजे तिथे आपल्या जागी दिसणाऱ्या आकृतीच्या, चेहऱ्यापासून करतात: कातडी खरी वाटते का, केस नीट आलेत का. माझा क्रम उलटा आहे. आधी वेळ, मग नजर आणि बसण्याची जागा. चेहरा सगळ्यात शेवटी.

हेडसेट चढवलात की आकडे मोजा. एकाने ‘एक’ म्हणायचं, दुसऱ्याने ‘दोन’, परत पहिल्याने ‘तीन’, असं वीसपर्यंत, जमेल तितकं भरभर. लय अडखळत असेल तर अवतार कितीही देखणा असो, माणूस समोर आहे असं वाटणार नाही. दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी साधारण ०.२ सेकंद निघालं. म्हणजे समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आतच आपण तोंड उघडायच्या तयारीत असतो. टेलिफोनवाल्यांचा निकष असा, की आवाज इकडून तिकडे पोचायला लागणारा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बहुधा खटकत नाही. दोन शहरांतल्या अंतराला इलाज नाही, पण साधे ब्लूटूथ इअरफोन म्हणजे हौसेने ओढवून घेतलेला उशीर. ते काढा, हेडसेटचेच स्पीकर वापरा. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर घ्या आणि राउटर शक्यतो त्याच खोलीत असू द्या.

आवाजाचं आणखी एक. व्हीआरचॅटसारख्या, अवतार घेऊन गप्पा मारायच्या ॲपमध्ये गोंगाट दाबायची सोय असते. ती चालू असली की पंख्याबरोबर कधीकधी ‘हं’ही गायब होतो. आपल्याकडे एखादी गोष्ट रंगात येते ती ऐकणाऱ्याच्या ‘हं… हं… मग?’वर. हुंकार पोचला नाही की सांगणारा दर दोन वाक्यांनी ‘ऐकू येतंय ना?’ विचारत बसतो. त्यापेक्षा पंखा बंद करा.

आता नजर. व्हिजन प्रोमध्ये आतून डोळे टिपणारे कॅमेरे आहेत आणि तोंडाच्या हालचाली टिपणारेही. क्वेस्ट ३मध्ये हे दोन्ही नाही. तिथे ओठ आवाजावरून हलवले जातात आणि डोळे अंदाजाने. (२०२२मध्ये आलेल्या क्वेस्ट प्रोमध्ये दोन्ही सोयी होत्या, पण तो आता बंद झाला.) यावरून माझा एक नियम आहे: डोळे खरे टिपले जात नसतील तर चेहरा खरा घेऊ नका. सरळ कार्टून अवतार घ्या. मासाहिरो मोरी या जपानी संशोधकाने १९७०मध्येच लिहून ठेवलंय, की यंत्रमानव माणसासारखा होत जातो तसा आधी आवडत जातो, आणि जवळजवळ माणसासारखा झाला की एकदम नकोसा वाटतो. हुबेहूब चेहरा आणि भलतीकडे बघणारे डोळे म्हणजे नेमकी तीच जागा. भाच्याचा गोलमटोल निळ्या केसांचा अवतार मला त्याच्या ‘रिअलिस्टिक’ अवतारापेक्षा कितीतरी जास्त तोच वाटतो. मान तिरकी करायची लकब त्याची आहे, आणि डोकं तर हेडसेट अचूक टिपतोच.

बसण्याची जागा कुणीच मनावर घेत नाही. दोघांनी बसा किंवा दोघांनी उभे राहा. क्वेस्टवर जमिनीची पातळी पुन्हा लावा, नाहीतर एक जण कमरेपर्यंत जमिनीत पुरल्यासारखा दिसतो. अगदी तोंडासमोर तोंड करून बसू नका, थोडं तिरकं बसा. तसं बसलं की नजर मधेच बाजूला घेता येते आणि पुन्हा आणता येते. हात मांडीवर लपवू नका, कॅमेऱ्यांना दिसतील असे पोटासमोर असू द्या. हातवारे करून बोलणाऱ्यांना इथे आयता फायदा आहे.

मग चेहरा, म्हणजे माझं जुनं काम. व्हिजन प्रोवर तुमचा पर्सोना, म्हणजे तुमच्याच चेहऱ्याचा अवतार, बनवताना हेडसेट काढून समोर धरायचा असतो. तो सांगेल तशी मान वळवायची, हसायचं, भुवया उचलायच्या, डोळे मिटायचे. डोक्यावरच्या एकट्या दिव्याखाली हे करू नका. वरून उजेड पडला की भुवयांखाली खोबणी काळ्या होतात आणि तुम्ही कायमचे जागरण झालेले दिसता. दिवसा खिडकीकडे तोंड करून बसा, पण थेट ऊन नको. पातळ पडदा ओढा. मांडीवर पांढरी चादर किंवा कार्डशीट ठेवा. खालून परतलेला उजेड हनुवटीखालची सावली उचलतो. रंगमंचावर हे करायला स्वतंत्र दिवा लागायचा, इथे चादरीत भागतं. खिडकी पाठीशी घेऊन बसू नका. कोपरं टेकवून हेडसेट डोळ्यांच्या उंचीला धरा, हात थरथरायला नकोत.

चष्मा काढा, तो नंतर वेगळा निवडता येतो. टिकली मात्र विचार करून लावा: स्कॅनमध्ये आली की नवा पर्सोना करेपर्यंत ती तिथेच. दात दाखवून हसायला सांगितलं की खरंच हसा. पासपोर्टच्या फोटोसारखं अवघडून बसलात तर अवतारही आयुष्यभर तसाच हसतो. पूर्वी कुणी स्कॅन केलेला असेल तर तो पुन्हा करा. व्हिजनओएस या व्हिजन प्रोच्या सिस्टिमच्या २६व्या आवृत्तीपासून केस, पापण्या आणि बाजूने दिसणारा चेहरा फारच सुधारलाय. कॉलमध्ये पर्सोना आधी चौकटीत दिसतो, तो स्पेशियल करून घ्या. चौकट गेली की जास्तीत जास्त पाच जण एका बैठकीत बसल्यासारखे दिसतात.

व्हीआरचॅटमध्ये लोक तासन्‌तास तिथल्या आभासी आरशासमोर बसतात. आरसा हवा, पण सुरुवातीची दोन मिनिटं. हात हलवला की आरशातला हात हलतो, आणि ते शरीर आपलं वाटायला लागतं. त्यानंतर आरसा बंद करा, नाहीतर चौघे गप्पा मारताहेत आणि चौघेही स्वतःकडे बघताहेत, असं होतं.

वेळेचं भान ठेवा. पहिला व्हिजन प्रो ६००–६५० ग्रॅमचा होता आणि हे वजन गालांना कळतं, त्यामुळे पाऊण तासाने थांबणं बरं. आईबाबांना प्रथमच लावून देत असाल तर न फिरणारी खुर्ची द्या आणि शेजारी बसा.

निघताना तोंडाने ‘येतो’ म्हणा, हात हलवा, कॉल बंद करा आणि मगच हेडसेट काढा. क्वेस्टवाले हे हमखास उलट करतात. मग त्यांचा अवतार मान वाकडी करून टेबलावर पडलेला दिसतो, आणि आपण त्याच्याशी अजून बोलत असतो.