परराज्यातल्या कंपनीने थकबाकीचा दावा लावला? आधी कोर्टाची जागा तपासा

माल साताऱ्यात उतरला, त्यातल्या काही पेट्या खराब निघाल्या, म्हणून तुम्ही बिलाची काही रक्कम अडवून धरली. सहा महिन्यांनी समन्स येतं ते सुरतच्या कोर्टाचं. "तिथल्या कोर्टाचा आपल्याशी काय संबंध" असं म्हणून ते फायलीत टाकून देऊ नका. कोर्ट खरंच चुकीचं असेल, तरी ते तिथे हजर होऊन, लेखी आणि वेळेत सांगावं लागतं.

आधी कागद कशाचा आहे ते पाहा. वकिलाची नोटीस म्हणजे दावा नव्हे. तिला उत्तर द्या आणि मालाची तक्रार त्यातच लिहून ठेवा. समन्स दिवाणी कोर्टाचं आहे, चेक न वटल्याच्या फौजदारी केसचं आहे, की फॅसिलिटेशन कौन्सिलची (लघुउद्योगांच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाची) नोटीस आहे, यावर जागेचा नियम बदलतो. कागद कोणत्या तारखेला हातात पडला ते लगेच लिहून ठेवा आणि पाकीट जपून ठेवा, कारण पुढच्या बहुतेक मुदती त्या तारखेपासून मोजल्या जातात.

दिवाणी दाव्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम २० लागू होतं. प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे, नाहीतर दाव्याचं कारण (ज्या घटनांवर दावा उभा आहे त्या) पूर्ण किंवा अंशतः जिथे घडलं तिथे दावा लावता येतो. वादीचं हेड ऑफिस सुरतला आहे एवढ्यावर सुरतच्या कोर्टाला अधिकार मिळत नाही. मात्र सगळा पेच त्या "अंशतः" शब्दात आहे. त्यासाठी एका कोऱ्या कागदावर ओळीने लिहा: ऑर्डर कुठून गेली, ती कुणी आणि कुठे स्वीकारली, माल कुठे ताब्यात द्यायचा ठरला होता, पैसे कुठे द्यायचे ठरले होते. प्रत्येक ओळीसमोर कागद जोडा: परचेस ऑर्डर, ईमेल, लॉरी पावती, ई-वे बिल, खातेउतारा. यातली एखादी महत्त्वाची गोष्ट सुरतला घडली असेल, तर जागेची हरकत टिकणं अवघड आहे.

फोनवर ठरलेल्या सौद्यांत हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. खामगावच्या एका मिलचा आणि अहमदाबादच्या व्यापाऱ्यांचा सरकीच्या पेंडीचा सौदा टेलिफोनवर झाला होता. माल मिळाला नाही म्हणून दावा अहमदाबादला लागला. मिलचं म्हणणं होतं की सौदा खामगावात झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये बहुमताने ठरवलं की टेलिफोनवरच्या सौद्यात होकार जिथे ऐकू येतो तिथे करार पूर्ण होतो, आणि मिलचा होकार अहमदाबादला ऐकू आला, म्हणून तिथल्या कोर्टाला अधिकार आहे. पत्राने दिलेल्या होकाराचा नियम वेगळा आहे. तिथे होकाराचं पत्र जिथून टपालात पडलं ती जागा धरतात. म्हणून ऑर्डर कुणी मागितली आणि "हो" कुणी म्हटलं, हे नीट आठवून लिहा.

यानंतर करारातली अधिकारक्षेत्राची ओळ शोधा. दोन किंवा जास्त ठिकाणी दावा लागू शकत असेल, तर त्यातलं एकच ठिकाण करारात ठरवून घेता येतं. ज्या कोर्टाला मुळात अधिकारच नाही, त्याला मात्र दोघांच्या संमतीनेही तो देता येत नाही. "फक्त" हा शब्द नसेल तर ती अट सैल, असा समज अजून ऐकू येतो. १९८९ च्या एका निकालात तसा अर्थ निघालाही होता. पण २०१३ मध्ये स्वस्तिक गॅसेसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने "फक्त" नसतानाही, करारात नाव असलेल्या कोलकात्याचंच कोर्ट धरलं. तेव्हा सही केलेल्या करारातली ही ओळ हलकी समजू नका. सौदा ठरल्यानंतर आलेल्या बिलाच्या तळाशी छापलेली, तुमची सही नसलेली ओळ ही वेगळी बाब आहे. ती कराराचा भाग नाही, असा मुद्दा घेता येतो आणि तो घ्यावा.

चेकच्या केसमध्ये जागेचा वाद सहसा चालत नाही. २०१५ च्या दुरुस्तीपासून, चेक खात्यात भरून वटवायला टाकला असेल तर पैसे घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे, तिथल्या कोर्टात तक्रार होते. म्हणजे तुमचा चेक साताऱ्याच्या बँकेचा असला तरी केस सुरतला लागते आणि ती बरोबर असते. उधारीच्या हमीसाठी कोरे चेक देणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

पुरवठादार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघुउद्योग असेल, तर तो त्याच्या ठिकाणच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाऊ शकतो, खरेदीदार भारतात कुठेही असो. तिथला निवाडा विरोधात गेला, तर त्याला आव्हान देण्यासाठी ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. म्हणून या नोटिशीकडे दुर्लक्ष नको. करारात लवादाचं कलम असेल, तर लवादाचं आसन, म्हणजे लवादाची करारात ठरलेली कायदेशीर जागा, ज्या शहरात, तिथल्याच कोर्टांना अधिकार. अशा वेळी दाव्यात मूळ वादावर पहिली कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) देण्याआधी लवादाकडे पाठवण्याचा अर्ज करावा लागतो.

आता मुदती. साध्या दाव्यात कैफियत ३० दिवसांत द्यायची, कोर्ट ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. व्यापारी वाद ३ लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा असेल तर व्यापारी न्यायालयाचा कायदा लागतो. तिथे समन्स मिळाल्यापासून १२० दिवस ही शेवटची हद्द आहे, त्यानंतर कैफियत देण्याचा हक्कच जातो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खालचा समरी (झटपट चालणारा) दावा असेल, तर १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते.

जागेची हरकत कैफियतीत पहिल्या मुद्द्यात घ्या, आणि सोबत त्याच संहितेच्या ऑर्डर ७ नियम १० खाली दावा परत करण्याचा अर्ज द्या. पण नुसती हरकत देऊन थांबू नका. खराब पेट्या, कमी वजन, परत पाठवलेला माल हे सगळं त्याच कैफियतीत आलं पाहिजे. हरकत फेटाळली गेली तर तेवढंच तुमच्या हातात उरतं. कोर्टाने वादाचे मुद्दे ठरवण्याआधी हरकत घेतली नाही, तर संहितेच्या कलम २१ मुळे अपिलात ती सहसा ऐकली जात नाही. व्यापारी दाव्यात आणखी एक गोष्ट तपासा. तातडीचा दिलासा मागितला नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थीची पायरी सक्तीची आहे. ती टाळून २० ऑगस्ट २०२२ नंतर लावलेला दावा फेटाळला जाऊ शकतो.

हरकत मान्य झाली तरी कर्ज मिटत नाही. दावा वादीला परत मिळतो आणि तो योग्य कोर्टात लावू शकतो. चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे गेलेला काळही त्याला तीन वर्षांच्या मुदतीतून वगळून मिळतो. फरक एवढाच की पुढच्या तारखा, साक्षी आणि कागद तुमच्या जवळच्या कोर्टात होतात. मालाच्या दर्जाचा वाद असेल, माल आणि साक्षीदार दोन्ही साताऱ्यात असतील, तर हा फरक खूप मोठा आहे.

तुम्ही हजर नसताना एकतर्फी हुकूमनामा (कोर्टाचा अंतिम आदेश) आधीच झाला असेल, तर तो साताऱ्याच्या कोर्टाकडे वर्ग होऊन इथे वसुलीची दरखास्त लागते आणि बँकखातं गोठू शकतं. तो रद्द करण्याचा अर्ज हुकूमनाम्यापासून ३० दिवसांत, आणि समन्स रीतसर मिळालंच नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून ३० दिवसांत, त्याच परराज्यातल्या कोर्टात द्यावा लागतो.